मुक्या संगणकाचे निदान
(गटस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'जुन्या संगणकांतील साऊंड कार्ड व मदरबोर्ड यांची जुळणी' असा छापलेला आहे. तो वाचून आपल्यापैकी कित्येकांना वाटले असेल की, हा विषय कारागिराचा. प्राथमिक शिक्षकाला त्याचे प्रयोजन काय? शंका रास्त आहे. तिचे उत्तर मी एका प्रसंगाने देणार आहे, आणि तो प्रसंग माझ्या चुकीचा आहे हे आरंभीच सांगून टाकतो.

ही गोष्ट २०१३ सालची. मी तेव्हा गट साधन केंद्रात होतो, आणि तालुक्यातील शाळांचे बिघडलेले संगणक पाहण्याचे काम, कोणी लेखी आदेश न देताही, माझ्याकडे आलेले होते. नदीकाठच्या एका शाळेत सहावीच्या वर्गात जवळजवळ पूर्णतः दृष्टिहीन असा एक विद्यार्थी होता. शाळेला एका कार्यालयाने आपला वापरून झालेला संगणक देणगीदाखल दिला होता. त्यावर विंडोज एक्सपी होती, आणि तेथील एका उत्साही शिक्षिकेने त्यात 'एनव्हीडीए' नावाचा पडदावाचक बसविला होता. मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली ज्या कामास प्रारंभ केला, तीच ही प्रणाली. ती विनामूल्य मिळते, आणि पडद्यावरील मजकूर मराठीतूनही वाचून दाखविते. तिचा आवाज काहीसा यांत्रिक असतो हे खरे. परंतु त्या मुलाला त्याचे काहीच वाटत नसे. कळफलकावर बोटे ठेवून तो अक्षरामागून अक्षर उमटवी, यंत्र ते उच्चारून दाखवी, आणि चुकले तर तो ते खोडी. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली तेव्हा हा संगणक मुका झाला होता.

डोळस मुलाचा संगणक मुका झाला तर त्याचा एक गुण उणा होतो. या मुलाच्या लेखी तो बंदच पडला.

मी गेलो. स्पीकर बदलून पाहिला. पेटी उघडून साऊंड कार्ड काढले, त्याचे सोनेरी दात पुसले, पुन्हा बसविले. आवाज नाही. मुख्याध्यापक शेजारी उभे होते. ते सहज म्हणाले, "गुरुजी, हल्ली सकाळी चालू करताना एफ-वन दाबल्याशिवाय हा पुढे जात नाही, आणि तारीखही भलतीच दाखवतो." मी ते ऐकले आणि सोडून दिले. माझे लक्ष आवाजाकडे होते. तारखेशी मला काय कर्तव्य? 'साऊंड कार्ड निकामी, दुरुस्ती अव्यवहार्य' असा शेरा मी लिहून दिला, आणि यथावकाश तो संगणक निर्लेखनाच्या यादीत गेला.

या शेऱ्यात काय चुकले होते ते कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आज आपण संगणक म्हटले की आवाज त्यात धरूनच चालतो. आरंभी तसे नव्हते. १९८१ साली आयबीएम कंपनीने जो 'पीसी' बाजारात आणला, त्यात एक लहानसा स्पीकर होता खरा; पण तो कालमापक चिपच्या आधारे केवळ 'टीं टीं' करू शके. कार्यालयीन यंत्राला याहून अधिक बोलण्याची आवश्यकता काय, अशीच त्या काळची धारणा होती. (गंमत अशी की, १९८४ साली सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पात आपल्या देशातील माध्यमिक शाळांना जे बीबीसी मायक्रो संगणक मिळाले, त्यांच्या मूळ फलकावरच तीन सुरांची स्वतंत्र चिप होती. शाळेसाठी यंत्र करणाऱ्यांना आवाजाचे महत्त्व आधी उमगले होते.) आयबीएमच्या यंत्रात मात्र मदरबोर्डावर लांबट खाचा ठेवलेल्या होत्या. ज्याला जे हवे त्याने त्याचे कार्ड करून त्यांत बसवावे, अशी ती योजना. पुढे या रचनेला 'आयएसए' असे नाव पडले. १९८७ मध्ये कॅनडातील अ‍ॅडलिब कंपनीने यामाहाची सूर निर्माण करणारी चिप बसवून संगीताचे कार्ड काढले. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने 'साऊंड ब्लास्टर' काढले. ते अ‍ॅडलिबचे सूर तर वाजवीच, शिवाय ध्वनिमुद्रित केलेला मनुष्याचा आवाजही ऐकवी. हे कार्ड इतके लोकप्रिय झाले की, पुढे कोणाही कारखानदाराला आपल्या खोक्यावर 'साऊंड ब्लास्टरशी सुसंगत' असे छापणे भाग पडले.

आता कलहाचे मूळ पाहू. कार्ड खाचेत बसले म्हणजे ते मदरबोर्डाशी जुळले, असे नाही. त्याला तीन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे पत्ता. साऊंड ब्लास्टरचा नेहमीचा पत्ता २२०. दुसरी, शिपाई, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता स्मरणातील मजकूर थेट कार्डापर्यंत नेऊन देणारी वाट. तिला 'डीएमए' म्हणतात, आणि या कार्डाची वाट सहसा १ क्रमांकाची. तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. तिचे नाव 'आयआरक्यू'. आपण तिला घंटा म्हणू.

अशी कल्पना करा की, मुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतीवर ओळीने घंटा टांगल्या आहेत आणि प्रत्येक वर्गातून एकेका घंटेला दोरी आलेली आहे. तिसरी घंटा वाजली की तिसरीच्या वर्गात काही निकड आहे हे त्यांना उमजते. हातातील काम ठेवून ते तिकडे जातात. मूळच्या पीसीत अशा आठच घंटा होत्या. १९८४ च्या 'एटी' यंत्रात त्या सोळा झाल्या. मात्र दुसरी फळी पहिलीला जोडण्यात एक खर्ची पडून पंधरा उरल्या. पंधरा ऐकायला पुष्कळ वाटतात. परंतु शून्य क्रमांकाची घड्याळाला, १ कळफलकाला, ३ आणि ४ मोडेम-माऊसच्या मार्गांना, ६ फ्लॉपीला, ७ प्रिंटरला, १४ हार्ड डिस्कला, अशी वाटणी होता होता नव्याने आलेल्या पाहुण्यासाठी बहुधा पाचवीच मोकळी राही. तीवरही नेटवर्क कार्डाचा डोळा असे. आणि आयएसए रचनेचा दंडक असा की, एका घंटेला एकच दोरी. दोघांनी एकच घंटा ओढली तर मुख्याध्यापक एका वर्गात जाऊन येतात आणि दुसऱ्याची हाक विरून जाते. साऊंड कार्डाच्या बाबतीत याचे लक्षण ठरलेले असे. आवाजाचा पहिला तुकडा ऐकू येई आणि मग तोच तुकडा पुनःपुन्हा, अडकलेल्या तबकडीसारखा, वाजत राही. हे लक्षण दिसले की कार्ड निकामी नाही, घंटेचा घोटाळा आहे असे निःशंक समजावे. कार्डाने पाठविलेली 'पुढचे द्या' ही हाक पोहोचलेली नसते, एवढेच.

आरंभीच्या साऊंड ब्लास्टरला कारखान्यातून सातवी घंटा लावलेली असे, म्हणजे प्रिंटरचीच. डॉस प्रणाली छपाई करताना ती घंटा सहसा ऐकतच नसे, म्हणून हा दुहेरी वाटा कित्येक महिने लपून राही. आणि एखाद्या दिवशी, कोणी काही बदललेले नसताना, यंत्र अडे. माणसे मग भुताखेतांपर्यंत जात! हे क्रमांक बदलावयाचे तर कार्डावरील जंपर, म्हणजे दोन सुयांवर बसणारी काळी टोपी, चिमट्याने उचलून दुसरीकडे बसवावी लागे, आणि तोच क्रमांक प्रणालीलाही वेगळा लिहून कळवावा लागे. टोपी एक सांगे आणि लिहिलेले दुसरे, हाही नेहमीचा प्रकार.

यावर तोड म्हणून १९९३ च्या सुमारास 'प्लग अँड प्ले' अशी योजना निघाली, आणि १९९५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या विंडोज ९५ ने ती घरोघर नेली. कार्डाने आपली गरज सांगावी, यंत्राने मोकळा क्रमांक द्यावा. जंपरचे कामच नको. योजना उत्तम होती. परंतु संक्रमणकाळात तिने एक नवाच पेच निर्माण केला, आणि तो आजही जुने संगणक जुळविताना हटकून आढळतो. टोपीवाले जुने कार्ड नव्या मदरबोर्डावर बसविले, तर ते मुकाट्याने पाचवी घंटा धरून बसते. स्वतःची ओळख देण्याची भाषाच त्याला अवगत नसते. बायोसला वाटते, पाचवी मोकळी आहे. ती ते दुसऱ्या कोणाला देऊन टाकते. अशा वेळी बायोसच्या पडद्यावर जाऊन पाचव्या आयआरक्यूपुढे 'लेगसी आयएसए' असे लिहून ती जागा राखून ठेवावी लागते. एवढे केले की ज्या कार्डाला 'या बोर्डावर चालत नाही' असा शेरा मिळालेला असतो, ते निमूटपणे वाजू लागते.

शिपायाच्या वाटेबाबतही एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. बायोसमध्ये प्रिंटरचा मार्ग 'ईसीपी' या पद्धतीवर ठेवला तर तोही डीएमएची एक वाट मागतो. ती ३ असेल तर ठीक, १ असेल तर साऊंड कार्डाशी गाठ. शाळेत त्या संगणकाला प्रिंटर नसेलच, तर तो मार्ग सरळ बंद करावा. एक घंटा आणि एक शिपाई दोन्ही सुटतात.

पीसीआय खाचा आल्यावर चित्र पालटले. १९९२ साली इंटेलने मांडलेल्या या रचनेत एकाच घंटेवर अनेकांना दोरी बांधण्याची सोय आहे. घंटा वाजली की मुख्याध्यापक क्रमाने प्रत्येकाला 'तू बोलावलेस का?' असे विचारतात. कागदावर भांडण मिटले. प्रत्यक्षात काही कार्डांना ही वाटणी मानवत नाही, विशेषतः शेजारी चित्रपट कार्ड किंवा नेटवर्क कार्ड असेल तर आवाजात खरखर येते. त्यावरचा उपाय हसू येईल इतका साधा आहे. कार्ड काढून दुसऱ्या खाचेत बसवावे. खाच बदलली की बहुधा घंटाही बदलते. मी स्वतः अनेक यंत्रांत याहून अधिक काही केलेले नाही.

तथापि सारेच दोष असे सौम्य नसत. २००१ साली गाजलेले एक प्रकरण जाणकारांच्या स्मरणात असेल. व्हिया कंपनीची '६८६बी' ही चिप असलेले मदरबोर्ड आणि 'साऊंड ब्लास्टर लाइव्ह' हे कार्ड एकत्र आले की, आवाजात तडतड तर होईच. पण एका हार्ड डिस्कवरून दुसरीवर मोठ्या फाइली नेताना त्यांतील मजकूरही बिघडे. आवाजाच्या कार्डामुळे दस्तऐवज नासतात, हे कोणाला सुचावे? पुढे व्हियाने दुरुस्तीची प्रणाली दिली आणि मदरबोर्डवाल्यांनी बायोस सुधारले. त्या वर्षांतील एखादा संगणक आपल्या शाळेत अजून चालत असेल, तर त्यात हे दोघे शेजारी नाहीत ना, एवढे पाहून ठेवावे. गुणपत्रके त्यात असतील तर अवश्य पाहावे.

खाचांविषयी दोन शब्द. काळी लांब खाच आयएसएची. पांढरी, तोकडी, ती सहसा पीसीआयची. १९९९ नंतर नव्या मदरबोर्डांवरून आयएसए खाच झपाट्याने नाहीशी झाली, आणि आता पीसीआय खाचही नव्या बोर्डांवर क्वचितच दिसते. तेव्हा पडून असलेले कार्ड दुसऱ्या शाळेला देण्यापूर्वी तेथील खाच पाहून यावे. शेवटच्या काळ्या आणि पहिल्या पांढऱ्या खाचेला पेटीच्या मागील बाजूस पुष्कळदा एकच फट असते. दोन्हींत कार्डे बसविता येत नाहीत. काही फार जुन्या आयएसए साऊंड कार्डांना उणे ५ व्होल्टचा पुरवठा लागतो. तो २००२ नंतरच्या वीजपेट्यांतून हळूहळू वगळला गेला. वीजपेटी नवी घातली आणि कार्ड मुके झाले, असा योग आला तर कार्डाला दोष देऊ नये.

यानंतर आवाज मदरबोर्डावरच आला. १९९७ साली इंटेलने 'एसी ९७' हे मानक दिले, २००४ साली 'एचडी ऑडिओ' दिले, आणि वेगळ्या कार्डाची गरजच उरली नाही. पण येथेही एक खोच आहे, आणि ती आपल्या शाळांत मी सर्वाधिक पाहिली. एसी ९७ च्या पुष्कळ मदरबोर्डांवर मागच्या हिरव्या छिद्राकडे जाणारा आवाज आधी पेटीच्या पुढील बाजूच्या जोडणीतून फिरून येतो. पुढची जोडणी नसेल तर त्या जागी दोन जंपर लावलेले असतात. ५-६ आणि ९-१० या सुयांवर. पेटी बदलताना किंवा धूळ झाडताना त्या इवल्याशा टोप्या कोणी काढून फेकल्या, की मागचा आवाज संपला. चार आण्याची वस्तू. पण तिच्यापायी संपूर्ण मदरबोर्ड बदलण्याचे अंदाजपत्रक मी पाहिलेले आहे.

आता त्या नदीकाठच्या शाळेकडे वळतो.

निर्लेखनाच्या यादीतील यंत्रे मे महिन्यात गट साधन केंद्रात जमा झाली. उन्हाळ्याचे दिवस, कार्यालयात सामसूम. एका दुपारी मी तो संगणक सहज चालू केला. पडद्यावर काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत 'सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड' असे आले आणि यंत्र एफ-वनची वाट पाहत थांबले. पुढे गेल्यावर तारीख दिसली, १ जानेवारी २००२. मग डोक्यात उजेड पडला. मदरबोर्डावर रुपयाएवढी एक बॅटरी असते, 'सीआर २०३२'. यंत्र बंद असताना घड्याळ आणि बायोसची नोंदवही ती सांभाळते. सुटीत ती संपली. नोंदवही पुसली गेली आणि बायोसने कारखान्यातून निघतानाची मूळ मांडणी पुन्हा लागू केली. देणगी देणाऱ्या कार्यालयातील कोणी जाणत्याने मदरबोर्डावरचा आवाज बायोसमधून बंद करून निराळे पीसीआय कार्ड घातले होते. बॅटरी संपताच बंद केलेला आवाज पुन्हा चालू झाला. त्याचा ड्रायव्हर पूर्वीपासून बसविलेला होताच. विंडोजने त्यालाच मुख्य मानले. आवाज येत होता. पण मागच्या दुसऱ्या छिद्रातून, ज्यात स्पीकरची पिन कोणी घातलीच नव्हती.

मी पिन काढून त्या छिद्रात घातली. एनव्हीडीए बोलू लागला. केंद्रातील रिकाम्या खोलीत तो एकटाच पडद्यावरील चिन्हांची नावे वाचीत होता, आणि मी खुर्चीत बसून ऐकत होतो.

बॅटरी बदलली, बायोस नीट केले, आणि जूनमध्ये संगणक शाळेत पोहोचविला. तो मुलगा तेथे नव्हता. त्याच्या वडिलांनी त्याचा दाखला काढून दूरच्या नातेवाइकांकडे त्याला पाठविले होते. वर्गशिक्षिका म्हणाल्या, दिवाळीनंतरही कित्येक दिवस तो मधल्या सुटीत येऊन संगणकापुढे बसे, कळफलकावर बोटे फिरवी आणि उठून जाई. माझा शेरा अवघा पाच शब्दांचा होता.

असो. आपल्या हाती काय आहे ते सांगतो. संगणक मुका झाला तर पेटी उघडण्याआधी घड्याळ पाहा. तारीख चुकत असेल तर प्रथम बॅटरी बदला, मग बायोसमध्ये मदरबोर्डाचा आवाज चालू आहे की बंद ते पाहा, आणि पिन मागच्या प्रत्येक हिरव्या छिद्रात घालून पाहा. एका यंत्रात दोन आवाज असतील तर एक ठेवून दुसरा बंद करणे बरे. यंत्रात नेमके कोणते कार्ड आहे हे ठाऊक नसल्यास डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याचा क्रमांक वाचता येतो. '११०२' असेल तर क्रिएटिव्ह, '१०ईसी' असेल तर रिअलटेक. त्या क्रमांकावरून योग्य ड्रायव्हर शोधावा; डब्यावरील नावावर विसंबू नये, कारण एकाच नावाखाली निरनिराळ्या चिपा विकल्या गेल्या आहेत. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर विंडोजच्या नव्या आवृत्तीत मिळत नसेल, तर लिनक्स घालून पाहावे. पुष्कळ जुन्या कार्डांचे ड्रायव्हर त्यात आधीपासूनच असतात. मात्र एक्सपीवर पडदावाचक हवा असेल तर एनव्हीडीएची २०१७.३ हीच आवृत्ती घ्यावी लागेल. त्यापुढील आवृत्त्या एक्सपीवर चालत नाहीत.

आणि इतके करूनही कार्ड व मदरबोर्ड यांचे जमत नसेल, तर हट्ट सोडावा. यूएसबीला लावण्याचे बोटाएवढे साऊंड कार्ड मिळते. त्याला खाच लागत नाही, जंपर लागत नाही. विंडोज एक्सपीला त्याचा ड्रायव्हरही बहुधा वेगळा द्यावा लागत नाही. दृष्टिहीन विद्यार्थी ज्या शाळेत आहे, त्या शाळेच्या कपाटात असे एक कार्ड आणि एक सीआर २०३२ बॅटरी कायम असावी, अशी माझी केंद्रप्रमुखांना विनंती आहे. सादिल खर्चातून ते होण्यासारखे आहे.

चहापानानंतर शेजारच्या वर्गात तीन संगणक उघडून ठेवले आहेत. एकात आयएसए कार्ड आहे, एकात पीसीआय, आणि तिसऱ्याचे दोन जंपर मी मुद्दाम काढून माझ्या खिशात ठेवले आहेत. ज्यांनी पेचकस आणला असेल त्यांनी पुढे यावे. ज्यांनी आणला नसेल त्यांच्यासाठी माझ्याकडे चार आहेत. पेटीला हात लावण्यापूर्वी वीज बंद करून तार काढावयाची, हे मात्र विसरू नये.